नानांना लागतं, प्रतिमाला लागतं

प्रतिमा आठवीत माझ्या वर्गात होती. दुसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला. शेजारी नीरा. तास सुरू होऊन थोडा वेळ गेला की प्रतिमा उभी राहायची आणि हळू आवाजात म्हणायची, "बाई, नीराला पाणी प्यायला जायचंय." मी नीराला सोडत असे. नीरा जायची, मैदानाला एक फेरी मारून परत यायची, आणि प्रतिमा कोरड्या ओठांनी फळ्याकडे बघत बसलेली असायची. तहान नीराला लागलेलीच नसायची, हे माझ्या लक्षात यायला अख्खा पावसाळा गेला. एक दिवस मी तिलाच विचारलं, "तुला हवंय का पाणी?" तर ती कानापर्यंत लाल झाली. काही तरी चोरताना पकडल्यासारखी.

पुढे त्यांच्या घरी माझं जाणं-येणं वाढलं तेव्हा उलगडा झाला. ते घरच तसं होतं.

बडोद्यात, रावपुऱ्यात टॉवरपासून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर ते राहतात. प्रतिमाचे आजोबा संस्थानाच्या खानगी खात्यात कारकून होते. पाहुण्यांच्या सरबराईचं काम. दिवसभर दुसऱ्याला काय हवं नको ते बघायचं, स्वतःसाठी काही मागायचं नाही, ही तिथली शिस्त त्यांनी घरी आणली. संस्थान गेलं, पुढे गुजरात वेगळं झालं, पण त्या घरातली शिस्त गेली नाही. तिथे पंगतीत "मला वाढा" कुणी म्हणत नसे. श्रीखंड हवं असेल तर "वसंताला वाढा" म्हणायचं. वसंत म्हणजे प्रतिमाचा धाकटा भाऊ. वाढणारी समजून जायची आणि दोघांच्याही पानात वाढायची. वसंताचं लग्न झालं, पुण्याची निरुपमा सून म्हणून आली, आणि पहिल्याच रात्री जेवताना म्हणाली, "मला अजून एक पोळी." सगळ्यांचे हात पानात थांबले. प्रतिमाची आई, अहल्याबाई, मला नंतर म्हणाल्या, "मुलगी मोकळी आहे हो." हे कौतुक होतं की तक्रार, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. वर्षभरात वसंत आणि निरुपमा गावाच्या दुसऱ्या टोकाला, समाला राहायला गेले.

या घराचा कारभार इतकी वर्षं बिनबोभाट चालला तो अहल्याबाईंमुळे. कुणी "नानांना चहा हवाय" म्हणालं, तर तो नानांनाच हवा आहे की म्हणणाऱ्याला, हे त्या चेहऱ्यावरून ओळखत. कधी चुकल्या नाहीत. नाना म्हणजे प्रतिमाचे वडील, दामोदरराव. एका कापडगिरणीत हिशेबनीस होते. गिरणी बंद पडली, हातात पडायचं ते थोडं आणि उशिरा पडलं, आणि पेन्शन आहे ती असून नसल्यासारखी. प्रतिमाने लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, आणि त्या घरात ते सांगायची सोयही नव्हती.

अहल्याबाई गेल्या आणि घरात दोन माणसं उरली. दोनच माणसं असली की घेण्यासारखं दुसऱ्याचं नाव एकच असतं. प्रतिमाला काही हवं असेल तर ती म्हणणार, नानांना हवंय. नानांना हवं असेल तर ते म्हणणार, प्रतिमाला हवंय. आणि खरोखरच दुसऱ्याची काळजी वाटून कुणी तसं म्हणालं, तर ते ओळखणार कोण?

टीव्हीचं असंच झालं.

टीव्ही वसंताने घेऊन दिलेला. रात्री आठला एक मराठी मालिका लागायची, ती अहल्याबाई मनापासून बघत. भाजी निवडत, मधेच त्यातल्या सासूला बोल लावत. त्या गेल्यावर महिन्याभराने केबलवाला पैसे न्यायला आला. प्रतिमाच्या मनात होतं, आता बंद करावं. पण नाना झोपाळ्यावरून म्हणाले, "राहू दे, प्रतिमा बघते." प्रतिमाने त्या घराच्या रीतीप्रमाणे अर्थ लावला, नानांना हवा आहे. आईची आठवण म्हणून असेल. मग पुढच्या वेळी तीच केबलवाल्याला म्हणाली, "ठेवा, नानांना लागतं." नानांनी ते ऐकलं आणि त्यांनीही रीतीप्रमाणेच अर्थ लावला, पोरीला तेवढीच करमणूक आहे.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी ते दृश्य पाहिलं आहे. आठ वाजले की प्रतिमा हातातलं काम टाकून टीव्ही लावायची, नानांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करायची, आणि समोरच्या वेताच्या खुर्चीत बसायची. नाना झोपाळ्यावर. एरवी त्यांचा पाय सतत जमिनीला लागून झोपाळा हलत असतो आणि कड्या कुरकुरत असतात. आठ वाजले की ते पाय टेकून झोपाळा थांबवायचे, तिच्या बघण्यात व्यत्यय नको म्हणून. ती मान टेकून टीव्हीकडे तोंड करून बसे. साडेआठला उठून टीव्ही बंद करी. मला वाटे, बरं आहे, दोघांनी मिळून करायची एक तरी गोष्ट घरात आहे.

गेल्या दोन वर्षांत त्या घरातलं ओझं वाढत गेलं. प्रतिमा मंगळबाजारात एका वह्या-कागदाच्या घाऊक दुकानात हिशेब लिहिते. धंदा बसला, तसं दिवाळीनंतर शेठने तिला सांगितलं, "बेन, आता अर्धा दिवस या." अर्धा दिवस म्हणजे अर्धा पगार. घरी येऊन तिने पहिलं काय केलं, तर भांडी आणि फरशीला येणाऱ्या रमीलाबेनला थांबवलं. वसंत समाहून रविवारी येतो, नानांची औषधं तोच आणतो. तो विचारतो, "ताई, काही हवंय का?" ती म्हणते, "नाही रे, आमचं चाललंय."

चाललं होतं ते असं. सकाळी पाच वाजता उठून पाणी भरायचं, नानांची अंघोळ, स्वयंपाक. मग चोकडीत उकिडवं बसून भांडी. चोकडी म्हणजे आमच्याकडे मोरीसारखी भांडी-धुण्याची खोलगट जागा. छप्पन्नाव्या वर्षी तिथून उठताना तिला भिंतीला हात लावावा लागे, आणि मनगट असं दुखे की कढई एका हाताने उचलवत नसे. डॉक्टर म्हणाले, खाली बसून घासायचं बंद करा. ती मला म्हणाली, "बाई, त्यांना सांगितलं हो म्हणून. आता भांडी काय उभी राहणार आहेत?" हसली, पण हसणंही ओढून आणल्यासारखं होतं. वर्गात असताना तिचे डोळे टपोरे होते. आता पापण्या अर्ध्यावर आलेल्या असत, दुपारच्या दुकानाच्या शटरसारख्या.

रमीलाबेनला परत बोलवायचं तर पैसे कुठून तरी काढायला हवे होते. दूध कमी करून झालं होतं. रिक्षा सोडून ती दुकानापर्यंत चालत जायला लागली होती. काढण्यासारखं एकच उरलं होतं, केबल. आणि तिथे येऊन ती अडत होती. "नानांचं तेवढंच आहे हो, बाई," ती मला म्हणाली. "ऐकू कमी येतं, डोळ्यांनी धड दिसत नाही. संध्याकाळची तेवढी अर्ध्या तासाची सोबत, ती कशी काढून घेऊ? मी घासते भांडी."

आणि नाना मला, ती दुकानात असताना, म्हणाले होते, "बाई, हिचे हात बघवत नाहीत. मी म्हणालो असतो केबल बंद कर म्हणून. पण हिला विरंगुळा तो काय? अर्धा तास बसते बिचारी."

दोघांचं मी ऐकून घेतलं आणि दोघांवर विश्वास ठेवला. त्या घराची रीत मला ठाऊक असून.

मग तो नवा नियम आला. दोन हजार एकोणीसचा फेब्रुवारी. तोवर केबलचे महिन्याला एकठोक तीनशे रुपये द्यायचे आणि दिसेल ते बघायचं. आता म्हणे एकेक वाहिनी निवडायची आणि एकेकीचे पैसे मोजायचे. बडोद्यातल्या मराठी घरांना त्यात एक जास्तीचा घोटाळा होता. इथल्या ठरलेल्या संचात गुजराती वाहिन्या आल्या होत्या. मराठी हवी तर वरून वेगळे पैसे.

त्या रविवारी सकाळी मी वाटीभर उसळ घेऊन त्यांच्याकडे गेले होते, तेवढ्यात बापू आला. बापू म्हणजे आमच्या भागाचा केबलवाला. भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा, गुडघे गेलेले. जन्म रावपुऱ्यात गेल्यामुळे मराठी बोलतो, पण गुजरातीत भिजवून.

"काका, जय माताजी," म्हणून तो खुर्चीत बसला आणि छापील कागद मांडीवर पसरून श्वास घेत राहिला. "दोन दिवस झाले, घर घर फिरतोय. समोरच्या घरात सासू-सून बोलत नाहीत या कागदापायी. सासूला भजनं पाहिजे, सुनेला डान्स. मी म्हटलं, बेन, बेउ लो, दोन्ही घ्या, तर दोघी माझ्यावर भडकल्या."

प्रतिमा चोकडीतून उठून आली. हात पदराला पुसले. "आमचं काय होतंय, बापू?"

"तुमचं मराठी वेगळं. सगळं मिळून सवाचारशे."

"तीनशेचे सव्वाचारशे?"

"तुमची भाषा महाग पडते, बेन. गुजराती घ्या, ती फुकट आहे." त्याने स्वतःच हसून घेतलं. आम्ही कुणी हसलो नाही, तसा पेन काढला. "तर काय करू? ठेवू के काढू?"

प्रतिमाने बोटांवर हिशेब केला. मला तिचं मन दिसत होतं. तीनशेच जड होते. सव्वाशे वर म्हणजे रमीलाबेन आता विसरायची, आणि मनगट सुजलं तरी चोकडीत बसायचं. तिने नानांकडे पाहिलं. नाना तिच्याकडे बघत होते.

"ठेवा," ती म्हणाली. "नानांना लागतं."

"ठेवा, ठेवा," नाना म्हणाले. "प्रतिमाला लागतं."

"दोघांना लागतं, मग तर सवालच नाही." बापू खूण करायला वाकला. प्रतिमा एकदम खाली स्टुलावर बसली. उभं राहवलं नसावं.

"बापू, एखादीच ठेवली तर? एकच मराठी. बाकीच्या काढा."

"एक राखो. कोणती? तमे कोणती बघता?"

"आठ वाजता लागते ती."

"आठला तर सगळीकडे काही ना काही लागतं. सीरियलचं नाव बोला, मी चॅनल शोधतो."

प्रतिमाने आठवून बघितलं. "नानांना माहीत असेल."

नाना म्हणाले, "लावते तीच. ती सांगेल."

"ते हॉस्पिटलचं आहे ना, नाना?"

"हॉस्पिटल? त्यात एक सासू होती."

"ती आईची मालिका, नाना. ती संपली. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी संपली."

"हो का?" नाना म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही."

बापूने पेन कागदावर ठेवलं. दोन दिवस तो घराघरांत मालिकांच्या नावांवरून भांडणं ऐकत आला होता, आणि इथे नावच कुणाला ठाऊक नव्हतं. तो वैतागला. गुडघे दुखत होते, अजून तीन जिने चढायचे होते. "पण मग बघतं कोण?" त्याने विचारलं.

बापू झोपाळ्याकडे वळला.

"काका, तमे बोलो. तुम्हाला पाहिजे?"

"हिला जरा…"

"बेनला मी पछी, नंतर विचारतो. तुम्हाला. तुम्हाला स्वतःला."

सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला असं सरळ कुणी विचारलं नसावं. ते गोंधळले. झोपाळ्याची कडी धरली, सोडली. प्रतिमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता माझंच नाव घेतात की काय.

"मला," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द सापडेपर्यंत थांबले. "मला नको."

"नको?" प्रतिमा म्हणाली.

"मला त्यातलं काही ऐकू येत नाही, प्रतिमा. नुसता गलका येतो. डोकं दुखतं."

"अहो, तुम्हाला ऐकू यावं म्हणून तर मी आवाज मोठा करते."

"मला वाटलं, तुला तसा आवडतो."

"मला?" ती म्हणाली. "नाना, मी त्या खुर्चीत झोपते. आठ ते साडेआठ. इतक्या वर्षांत एक भाग मी पुरा पाहिला नसेल."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "मी झोपाळा थांबवत होतो," ते म्हणाले.

बापूने कागदाची घडी घातली. त्याच्या ध्यानात आलं होतं की सरळ प्रश्न विचारून त्याने स्वतःचंच एक गिऱ्हाईक घालवलं. "म्हणजे नुकसान माझंच," तो म्हणाला. जाताना दारात थांबून म्हणाला, "बेन, मन बदललं तर फोन करा." प्रतिमाने मान हलवली. ती मन बदलण्याइतकीही ताजी नव्हती.

रमीलाबेनला निरोप गेला. तिने दरम्यान गोत्रीला एका सोसायटीत दोन घरं धरली होती. आता ती फक्त भांड्यांना येईल, तेही एकदाच, दुपारी, आणि त्याचे पाचशे घेईल, असं ठरलं. केबलचे तीनशे, आणि वरचे दोनशे. त्या दोनशेंसाठी प्रतिमाने यावेळी वसंताला फोन केला. काय म्हणाली ते मला माहीत नाही. निरुपमाने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "ताई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" एवढं मात्र प्रतिमाने मला सांगितलं.

मला वाटलं, सुटली. पण तसं झालं नाही. आठवड्याभराने भेटली तर चेहरा पहिल्यापेक्षा उतरलेला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, गंमत बघा. आठ वाजले की टीव्ही लावायचा असायचा म्हणून मी बसत होते. आता कशासाठी बसू? कपड्यांच्या घड्या घालते, तांदूळ निवडते, डबे पुसते. साडेनऊ होतात." मग म्हणाली, "नानांची सोबत म्हणून तो होता ना, तेव्हा बसायला लाज वाटत नव्हती."

त्या घरात स्वतःसाठी मागायची रीत नव्हती हे मला ठाऊक होतं. त्यात बसणंही आलं, हे मला तेव्हा कळलं. महिना तीनशे रुपये ते टीव्हीचे देत नव्हते. त्या वेताच्या खुर्चीचे देत होते. ते महाग होतं की स्वस्त, याचा हिशेब मी पुष्कळदा केला आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आलं.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेले होते. प्रतिमा कपाटाखालचा केर काढत होती. मी म्हटलं, "ये गं, बस माझ्याजवळ." पाहुणी म्हणते म्हणून ती आली आणि खुर्चीत बसली. पाहुण्यांपाशी बसायला त्या घरात परवानगी आहे. टीव्ही समोर होता, काळा. त्यावर तिने विणकामाचा रुमाल टाकला होता. नानांचा झोपाळा कुरकुरत होता.

थोड्या वेळाने नाना म्हणाले, "प्रतिमा, बाईंना चहा हवा असेल."

ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली. मी म्हटलं, "मला नको हो, आत्ताच घेऊन आले."

ती अर्धी उठलेली तशीच थांबली. झोपाळा चालत होता. मग नाना, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, म्हणाले, "मला हवाय. अर्धा कप."

मला वाटतं प्रतिमाने आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तसं ऐकलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग परत मागे टेकून बसली.

"नाना," ती म्हणाली, "आत्ता नको. मला उठवत नाही."

"बरं," नाना म्हणाले.

मी उठायला लागले. "मी टाकते की चहा."

"बाई, तुम्ही बसा," दोघं एकदम म्हणाली, आणि मी बसले.

कुणी चहा केला नाही. गल्लीतून स्कूटर जात होत्या, खालच्या घरात कुणाचा तरी टीव्ही चालू होता आणि त्यातलं गुजराती अस्पष्ट वर येत होतं. मी प्रतिमाला नीराबद्दल काही तरी सांगायला लागले. नीरा आता नातवंडांत रमली आहे, असं काहीसं. वाक्य पुरं होण्याआधी प्रतिमाची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. तोंड किंचित उघडं, सुजलेलं मनगट मांडीवर उताणं.

नानांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. कड्या गप्प झाल्या. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि कुजबुजले. त्यांना स्वतःला कमी ऐकू येत असल्याने ती कुजबुज बऱ्यापैकी मोठी होती.

"पंखा कमी करा. तिला गार लागतंय."

मी प्रतिमाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी उपरणं खांद्यावर ओढून घेतलं होतं. नक्की कुणाला गार लागत होतं, ते मी विचारलं नाही. पंखा एकावर आणला आणि दार हलकेच ओढून घेऊन जिना उतरले.